हान्स लेडविंका

हान्स लेडविंका (जन्म : १४ फेब्रुवारी १८७८, क्लोस्टरनॉयबुर्ग, ऑस्ट्रिया, मृत्यू : २ मार्च १९६७, म्युनिक, जर्मनी) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अग्रगण्य वाहन-अभियंते होते. मोराविया प्रांतातील टाट्रा कारखान्याचे मुख्य अभिकल्पक म्हणून त्यांनी मध्यवर्ती नळीची चासी, झुलते अर्ध-आस आणि हवेने थंड होणारे इंजिन या तीन कल्पनांचा एकत्र मेळ घातला. खडबडीत, चिखलाच्या व दगडधोंड्यांच्या वाटेवर चालणाऱ्या अवजड वाहनांच्या सस्पेन्शनचा एक स्वतंत्र संप्रदायच या मेळातून निर्माण झाला आणि तो आजही टिकून आहे. याच रचनेतून सपाट रस्त्यावर वेगाने वळताना तोल जाण्याचा प्रश्नही उद्भवला, आणि तो सोडवण्यात अभियंत्यांची पुढची पिढी गुंतून राहिली.

सुरुवातीचे जीवन

लेडविंका यांचा जन्म व्हिएन्नाजवळील क्लोस्टरनॉयबुर्ग या गावी झाला. तरुणपणी त्यांनी कारागिराचे काम शिकून घेतले आणि व्हिएन्ना येथे तांत्रिक शिक्षण पूर्ण केले. १८९७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मोरावियातील नेसेल्सडॉर्फ (आजचे चेक प्रजासत्ताकातील कोपर्झिव्हनित्से) येथील गाडी-कारखान्यात रुजू झाले. हा कारखाना मुख्यतः घोडागाड्या आणि रेल्वेचे डबे बनवत असे. त्याच वर्षी तेथे बेंझचे इंजिन बसवून ‘प्रेसिडेंट’ ही मोटारगाडी तयार झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील आरंभीच्या मोटारींत तिची गणना होते. रेल्वेच्या डब्यांच्या कामावर नेमलेला हा तरुण या गाडीच्या कामात ओढला गेला.

काही काळ ते व्हिएन्नामध्ये वाफेवर चालणाऱ्या मोटारींच्या प्रयोगांत होते. वाफेच्या गाड्यांना भवितव्य नाही हे लवकरच स्पष्ट झाले आणि १९०५ मध्ये ते नेसेल्सडॉर्फला परतून मोटार विभागाचे प्रमुख झाले.

श्टायर येथील कार्यकाल

पहिल्या महायुद्धाच्या काळात लेडविंका ऑस्ट्रियातील श्टायर येथील शस्त्रनिर्मिती कारखान्यात मुख्य अभिकल्पक म्हणून गेले. युद्ध संपल्यावर बंदुकांची मागणी आटणार हे त्या कारखान्याने आधीच ओळखले होते आणि म्हणून त्याला मोटारीच्या धंद्यात उतरायचे होते. लेडविंका यांनी तेथे सहा सिलिंडरची एक भक्कम, महाग आणि उत्तम गाडी घडवली. ती १९२० मध्ये बाजारात आली.

त्यांच्या मनात मात्र सामान्य माणसाला परवडेल अशी लहान गाडी होती. श्टायरच्या व्यवस्थापनाला तीत रस नव्हता. १९२१ मध्ये ते पुन्हा नेसेल्सडॉर्फला आले. तोवर साम्राज्य कोसळले होते, गाव चेकोस्लोव्हाकियात गेले होते, त्याचे नाव बदलले होते आणि गाड्यांना टाट्रा पर्वतरांगेवरून ‘टाट्रा’ हे नाव मिळाले होते. लहान गाडीचे आराखडे त्यांनी सोबत आणले.

टाट्रा ११ आणि मध्यवर्ती नळी

१९२३ मध्ये आलेली ‘टाट्रा ११’ ही लेडविंका यांची सर्वांत महत्त्वाची निर्मिती मानावी लागेल. तिचे इंजिन आडव्या मांडणीचे, दोन सिलिंडरचे, १,०५६ घन सेंटिमीटर क्षमतेचे आणि जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. ते हवेने थंड होत असल्यामुळे हिवाळ्यात पाणी गोठण्याची वा उन्हाळ्यात उकळण्याची चिंता नव्हती.

गाडीचे खरे नावीन्य इंजिनाच्या मागे होते. त्या काळच्या जवळजवळ सर्व मोटारींची चासी शिडीसारखी असे. दोन लांब तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे आणि खाली कमानपाट्यांवर बसवलेले अखंड आस अशी ती रचना होती. एक चाक खड्ड्यात गेले की अख्खा आस कलत असे, दुसऱ्या बाजूचे चाकही तिरपे होत असे आणि शिडीला पीळ पडत असे. लेडविंका यांनी ही शिडीच काढून टाकली. इंजिनापासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एकच जाड पोलादी नळी त्यांनी घातली. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असावा तसा शक्ती वाहून नेणारा दांडा या नळीच्या आत बंदिस्त होता. बंद नळीला पीळ देणे अतिशय कठीण असते. त्यामुळे गाडी कितीही वेड्यावाकड्या जागी उभी राहिली तरी तिचा सांगाडा सरळ राहत असे.

मागची चाके अखंड आसाऐवजी दोन अर्ध-आसांवर बसवली होती. पक्ष्याचे पंख जसे धडाशी हलतात तसा प्रत्येक अर्ध-आस मधल्या नळीशी स्वतंत्रपणे वरखाली हलू शकत असे. इंजिनाची शक्ती या हलत्या आसापर्यंत पोहोचवण्याची लेडविंका यांची युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. सांधेदार दांडे न वापरता त्यांनी प्रत्येक बाजूला स्वतंत्र पिनियन आणि त्याच्याशी जुळणारे क्राऊन-चक्र दिले. अर्ध-आस वर गेला की क्राऊन-चक्र पिनियनच्या दात्यांभोवतीच थोडे फिरते. सांधाच नाही, म्हणून झिजायला किंवा चिखलाने खराब व्हायला तेथे काही उरत नाही. दोन पिनियन एकापुढे एक असल्यामुळे डावे व उजवे चाक अगदी समोरासमोर येत नाही, एक किंचित पुढे आणि दुसरे किंचित मागे असते. टाट्राच्या आजच्या ट्रकमध्येही हा फरक बारकाईने पाहणाऱ्याला दिसतो.

त्या काळी चेकोस्लोव्हाकियातील ग्रामीण रस्ते अतिशय खराब होते. या रस्त्यांवर १२ अश्वशक्तीची ही लहान गाडी आपल्यापेक्षा कितीतरी दणकट गाड्यांना मागे टाकत असे, कारण तिची चाके जमीन सोडत नसत.

चाकांचे स्वातंत्र्य आणि गाडीचा तोल

लेडविंका यांच्या रचनेचे गुण व दोष समजून घेण्यासाठी सस्पेन्शनमधील एक मूलभूत पेच लक्षात घ्यावा लागतो. प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे हलू दिले तर ते जमिनीचा चढउतार उत्तम रीतीने अनुसरते. परंतु वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो आणि तो रोखण्यासाठी दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये काहीतरी नाते असणे उपयोगी ठरते.

हे नाते जोडणारा सर्वांत प्रचलित भाग म्हणजे ‘अँटी-रोल बार’ किंवा ‘स्वे बार’. साधारण इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची ही पोलादी दांडी असते. तिचा मधला भाग सांगाड्यावर फिरता बसवलेला असतो आणि दोन टोके दोन बाजूंच्या चाकांच्या आधारांना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर गेली तर दांडी नुसती फिरते, कसलाही विरोध करत नाही. एकच चाक वर गेले तर मात्र तिला पीळ पडतो आणि ती दुसऱ्या चाकालाही वर ओढू लागते. वळणावर झुकणाऱ्या गाडीला ही ओढ सावरते. दगडावर चढणाऱ्या गाडीच्या बाबतीत तीच ओढ घातक ठरते. एक चाक दगडावर असताना पलीकडच्या चाकावरील भार कमी होतो आणि ते चाक जागीच गरगरते. याच कारणाने आज खडतर वाटांसाठी बनवलेल्या काही जीप गाड्यांत चालकाला बटण दाबून पुढचा स्वे बार तात्पुरता सोडवता येतो.

या दांडीचा दुसरा उपयोग झुकाव रोखण्याइतकाच महत्त्वाचा असून तो पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. ती पुढे बसवली तर वळणावर पुढच्या बाहेरील टायरवर अधिक भार येतो, पुढचे टायर आधी थकतात आणि गाडी वळणाबाहेर सरळ सरकू पाहते. ती मागे बसवली तर मागचे टायर आधी पकड सोडतात आणि शेपूट फिरते. म्हणजेच कोणत्या टोकाला किती जाड दांडी द्यायची हा गाडीच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

झुलत्या अर्ध-आसाची अडचण नेमकी येथेच होती. या रचनेत गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू जमिनीपासून बराच वर असतो. त्यामुळे गाडी फारशी झुकत नाही आणि वरवर पाहता तिला स्वे बारची गरजच भासत नाही. परंतु जोरात वळताना बाहेरच्या टायरवर जमिनीने दिलेला आडवा रेटा तिरप्या अर्ध-आसातून गाडीची मागची बाजू वर उचलतो. गाडी उचलली गेली की बाहेरचे चाक तिच्या पोटाखाली वळते, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड एकाएकी सुटते. मंद गतीच्या ट्रकमध्ये हा प्रसंग क्वचितच येतो. वेगवान मोटारीत, त्यातही इंजिन मागे असलेल्या मोटारीत, तो जिवावर बेततो.

खडतर वाटांची वाहने

लेडविंका यांच्या कल्पनेचा खरा कस ट्रकमध्ये लागला आणि तेथेच ती सर्वांत यशस्वी ठरली. १९२६ पासून सहा चाकांचे ‘टाट्रा २६’ आणि त्यानंतर १९३० च्या दशकात लष्करासाठी ‘टाट्रा ७२’ तयार झाले. नळी तुकड्यांत बनवता येत असल्यामुळे एका आसामागे दुसरा आस जोडणे सोपे होते. पुढे याच तत्त्वावर चार, सहा, आठ आणि बारा चाकांपर्यंतची वाहने निघाली. सहा चाकांपैकी प्रत्येक चाक आपापल्या परीने खड्डा वा दगड हाताळत असल्यामुळे ट्रकचा माल फारसा हिंदकळत नसे आणि शक्ती नेणारे सर्व भाग नळीच्या आत सुरक्षित राहत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, लेडविंका यांच्या मार्गदर्शनाखाली ‘टाट्रा १११’ हा अवजड ट्रक आकाराला आला. त्याचे डिझेल इंजिन बारा सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे होते. जर्मन लष्करासाठी जन्मलेला हा ट्रक युद्धानंतर सोव्हिएत संघाला मोठ्या संख्येने पुरवला गेला. सायबेरियाच्या कडाक्याच्या थंडीत पाण्यावाचून चालणारे त्याचे इंजिन वरदान ठरले. १९६२ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते.

रचनेची एक खूण मात्र लपत नाही. रिकामा टाट्रा ट्रक समोरून पाहिल्यास त्याच्या मागील चाकांच्या खालच्या कडा आत ओढलेल्या आणि वरच्या कडा बाहेर फाकलेल्या दिसतात. माल भरला की चाके सरळ उभी राहतात. अनोळखी माणसाला ट्रकचा आस मोडला आहे असे वाटावे, इतके ते दृश्य चमत्कारिक असते.

टाट्रा ७७, टाट्रा ८७ आणि फोल्क्सवॅगन

१९३४ मध्ये लेडविंका, त्यांचे सहकारी एरिख उबेलाकर आणि पाउल यारे यांच्या वायुगतिक संशोधनाच्या आधारे ‘टाट्रा ७७’ ही प्रवाही आकाराची मोटार तयार झाली. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन अगदी मागच्या टोकाला होते आणि मागची चाके झुलत्या अर्ध-आसांवर होती. जड शेपूट आणि पोटाखाली वळणारे चाक हे दोन्ही धोके एकत्र आले. १९३६ च्या ‘टाट्रा ८७’ मध्ये इंजिनासाठी हलका मिश्रधातू वापरून शेपटीचे वजन घटवण्यात आले. अवघ्या ७५ अश्वशक्तीवर ही गाडी ताशी सुमारे १६० किलोमीटर वेग गाठत असे. युद्धकाळात वेगाने टाट्रा ८७ चालवणारे इतके जर्मन अधिकारी अपघातात मेले की त्यांना ती वापरण्यास मनाई झाली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही, पण वळणावर ही गाडी बेसावध चालकाची गय करत नसे हे खरे आहे.

लहान आकाराची ‘टाट्रा ९७’ आणि फर्डिनांड पोर्शे यांनी रचलेली फोल्क्सवॅगन यांत मोठे साम्य होते. दोघींचे इंजिन मागे, चार सिलिंडरचे, आडव्या मांडणीचे व हवेने थंड होणारे. दोघींना मध्यवर्ती कणा आणि झुलते अर्ध-आस होते. लेडविंका आणि पोर्शे एकमेकांना ओळखत आणि कामाविषयी बोलतही असत. टाट्राने हक्कांचा दावा उपस्थित केला. परंतु १९३८ मध्ये म्युनिक करारानंतर कोपर्झिव्हनित्से जर्मनीच्या ताब्यात गेले, पुढे टाट्रा ९७ चे उत्पादनही थांबवण्यात आले आणि वाद दडपला गेला. १९६० च्या दशकात फोल्क्सवॅगनने टाट्राच्या जुन्या मालकांशी, म्हणजे रिंगहोफर कंपनीशी, न्यायालयाबाहेर तडजोड करून भरपाई दिली.

फोल्क्सवॅगनला रचनेबरोबर तिचा दोषही वारशात मिळाला. १९६० च्या नमुन्यात बीटलला पुढे स्वे बार देण्यात आला. त्यामुळे वळणाचा भार पुढे वळून मागचे टायर काहीसे वाचले. १९६७ च्या नमुन्यात मागे एक वेगळीच दांडी आली. तिची टोके उलट दिशांना वळलेली असल्यामुळे ती स्वे बारच्या नेमकी उलट वागते. गाडी झुकताना ती स्वस्थ राहते, पण दोन्ही चाके एकदम खाली-वर जाऊ लागली की विरोध करते. अमेरिकेत शेव्हरोलेच्या ‘कॉर्व्हेर’ला आरंभी पुढचा स्वे बार नव्हता. तो १९६४ मध्ये बसवला गेला आणि पुढच्याच वर्षी झुलते अर्ध-आस काढून मागील सस्पेन्शन बदलण्यात आले. त्याच वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षिततेवरील आपल्या पुस्तकात या गाडीवर टीकेची झोड उठवली.

तुरुंगवास

१९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकिया मुक्त झाल्यावर लेडविंका यांना जर्मनांशी सहकार्य केल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. कारखाना युद्धभर जर्मन लष्करासाठी ट्रक व इंजिने बनवत होता आणि लेडविंका त्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी होते. स्वतः जर्मनभाषक असणे त्या दिवसांत तेथे वेगळ्या पुराव्याची गरज उरू देत नव्हते. १९५१ पर्यंत ते तुरुंगात होते. या काळात टाट्राच्या अभियंत्यांनी नव्या मोटारीसाठी त्यांचा सल्ला घेतला. ज्या राज्याने त्यांना गुन्हेगार ठरवले होते, त्याच राज्याच्या मालकीच्या कारखान्याला त्यांच्या ज्ञानाची गरज पडली.

ते गजाआड असताना, १९४७ ते १९५० या काळात, यिर्झी हान्झेल्का आणि मिरोस्लाव झिकमुंड हे दोन चेक प्रवासी टाट्रा ८७ घेऊन आफ्रिका व दक्षिण अमेरिका पालथी घालत होते. वाळवंट आणि कच्च्या वाटा पार करून ती गाडी परतली आणि पुढे प्राग येथील राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालयात ठेवण्यात आली. चेकोस्लोव्हाकियात ती राष्ट्राभिमानाचा विषय झाली.

उत्तरायुष्य

सुटकेनंतर लेडविंका टाट्राकडे परतले नाहीत. ते ऑस्ट्रियात आणि नंतर म्युनिकमध्ये राहिले. २ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना दोषी ठरवणारा निर्णय १९९२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, रद्द करण्यात आला.

वारसा

लेडविंका यांचे पुत्र एरिख लेडविंका हेही अभिकल्पक होते. ज्या श्टायरने पित्याची लहान गाडी नाकारली होती, त्याच श्टायरच्या वारस कंपनीसाठी त्यांनी १९५९ मध्ये ‘हाफ्लिंगर’ हे छोटे डोंगरी वाहन रचले. डोंगराळ मुलखातील एका घोड्याच्या जातीवरून त्याला हे नाव मिळाले. मध्यवर्ती नळी, झुलते अर्ध-आस, प्रत्येक चाकाशी स्वतंत्र स्प्रिंग आणि मागे दोन सिलिंडरचे इंजिन या साऱ्या गोष्टींत पित्याची छाप स्पष्ट आहे. अर्ध-आस जमिनीपासून उंच राहावा म्हणून चाकाजवळ दंतचक्रांची एक अधिक जोडी दिलेली होती. त्यानंतर १९७१ मध्ये त्याच घराण्यातील मोठे ‘पिंझगाउअर’ आले. अनेक देशांच्या सैन्यांनी ते वापरले.

टाट्राच्या ट्रकमध्ये मूळ रचना कायम राहिली, मात्र स्प्रिंगा बदलत गेल्या. १९८० च्या दशकातील ‘टाट्रा ८१५’ मध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ सहन करणाऱ्या दांड्या आल्या. पुढच्या ट्रकमध्ये हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन आले. त्यामुळे रिकाम्या व भरलेल्या ट्रकची उंची सारखी ठेवता येऊ लागली आणि फाकलेल्या चाकांची जुनी खोड बरीचशी आटोक्यात आली. चेक चालक कारेल लोप्राइस यांनी टाट्रा ट्रक चालवून डकार शर्यतीच्या ट्रक विभागात १९८८ ते २००१ या काळात सहा वेळा विजय मिळवला.

भारतीय सैन्यातही टाट्रा ट्रक १९८० च्या दशकापासून आहेत. बंगळूरच्या ‘बीईएमएल’ या सरकारी कंपनीने त्यांची जुळणी केली. पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने विकसित केलेल्या ‘पिनाक’ अग्निबाण प्रणालीचे प्रक्षेपक अशाच टाट्रा वाहनांवर बसवलेले आहेत. वाळवंटातून वा नदीपात्रातून हे वाहन धावते तेव्हा त्याचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलत असते. अग्निबाण सोडण्यापूर्वी मात्र हायड्रॉलिक पाय जमिनीवर टेकवून ते स्थिर करावे लागते.